ग्राहक घरी नाही

शरयूच्या घरी कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा शरयू घरी नव्हती, असं कंपनीचं म्हणणं आहे. तसं लेखी आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, लिहिलेल्याला खोटं म्हणायची मला हिंमत होत नाही. पण हे खोटं आहे, आणि ते मी लिहूनच सांगणार.

मी शरयूच्या डोक्यावर राहते, म्हणजे वरच्या मजल्यावर. तिच्या नवऱ्याला, भय्यासाहेबांना, लकवा झाला तेव्हापासून ही बाई फाटकाबाहेर पडलेली मी पाहिली नाही. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला गेली नाही. कार्तिकात आम्ही सगळ्या ग्वारीघाटला दिवे सोडायला जातो, तर ही आपला दिवा माझ्या हाती देते आणि म्हणते, आक्का, नर्मदेला माझा नमस्कार सांगा. भाजी दारावर, दूध दारावर, औषधं माझा मुलगा आणतो. अशी बाई घरी नव्हती म्हणे.

भय्यासाहेब इथे जबलपूरला तोफांच्या फॅक्टरीत फोरमन होते. पांढरा शर्ट, आणि पँटीची घडी अशी की तिच्यावर काकडी चिरावी. ते गल्लीतून निघाले की पोरं आपापले शर्ट खोचायची. आता उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत आहे. देवाने न्यायचं ते नेलं नाही, आणि ठेवायचं ते नेलं. त्यांचं अंथरूण ओलं होतं. रात्री होतं, दिवसाही होतं. ते डायपर की काय म्हणतात ते शरयूने एकदा आणलं होतं, भय्यासाहेबांनी डाव्या हाताने ओढून भिंतीवर फेकलं. तेव्हापासून ती चादरीच धुते. उजाडायच्या आत धुते आणि मागच्या अंगणात पेरूच्या झाडाला दोरी बांधली आहे तिथे वाळवते, म्हणजे रस्त्यावरून कोणाला दिसत नाहीत.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या पेरूवर उघडते. सकाळी मी ती उघडत नाही. शरयूला माहीत आहे की मला माहीत आहे, आणि त्यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नव्हतो. शेजारधर्म म्हणजे काही नुसती वाटीभर साखर नसते.

मुलगा देवदत्त बंगलोरला असतो. आईच्या बोटांना वात, थंडीत ती वाकडी होतात, म्हणून मागल्या दिवाळीत त्याने कपडे धुवायची मशीन पाठवली. शरयूने तिला कुंकू लावलं, झाकणावर स्वस्तिक काढलं आणि मला म्हणाली, "आक्का, ही माझी दुसरी सून. पहिली बंगलोरला असते. ही घरात राहते आणि उलटून बोलत नाही."

पौषात, ऐन कडाक्याच्या थंडीत, सून उलटून बोलायला लागली. पाणी भरायची, घूं घूं करायची, मग ट्यँ ट्यँ करून ठप्प. चादरी आत, पाण्यात.

कंपनीला फोन लावला तेव्हा मी तिळाच्या लाडवांची ताटली परत द्यायला खाली गेले होते. आधी गाणं वाजलं. मग एक बाई म्हणाली, हिंदीसाठी हे दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा, मराठीसाठी ते पुढचं दाबा. मी म्हटलं, काहून विचार करून राहिली, हिंदीचं दाब. आमचा सगळा संसार हिंदीत झाला. भाजीवाला हिंदीत, डॉक्टर हिंदीत, बिजलीच्या आफिसातली भांडणं हिंदीत. शरयूने फोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आक्का, हिंदीत कसं सांगू?"

मला कळलं. ते सांगायला तिच्याजवळ हिंदीत फक्त बाजारातला शब्द होता. आपल्या भाषेत "अंथरूण ओलं होतं" म्हटलं की झाकलेलं राहतं आणि समजतंही. तिने मराठीचं बटण दाबलं.

तिकडे प्रणोती नावाची मुलगी होती. आवाज गोड. शरयूने माझ्याकडे पाठ केली आणि तिला ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं असेल, आणि तेही न पाहिलेल्या मुलीला. ती म्हणाली, काळजी करू नका काकू, माझ्या आजोबांचंही असंच होतं, मी तातडीचं म्हणून लिहिते. पत्ता विचारला. शरयूने घराचा नंबर सांगितला, विजय नगर सांगितलं. सापडलं, सापडलं, असं मुलगी म्हणाली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही नागपूरच्या ना? बोलण्यावरून ओळखलं."

शरयूचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. "हो गं बाई! कसं ओळखलंस? आम्ही महालातले."

महाल म्हणजे नागपुरातला जुना भाग, तिचं माहेर. लग्न होऊन जबलपूरला आली त्याला आता किती वर्षं झाली, पण कोणी नागपूर म्हटलं की ही अजून वेणी घातलेली मुलगी होते. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, पाहा आक्का, आपल्या भाषेत काम कसं चटकन होतं.

दुसऱ्या दिवशी माणूस यायचा होता. शरयूने आंघोळ पहाटेच उरकली, नळाच्या आवाजात घंटी ऐकू यायची नाही म्हणून. टीव्ही बंद. कुकर लावला नाही, शिट्टीचा आवाज नको. मी वरून उतरले, पायऱ्यांवर माझ्या चपला वाजल्या, तर ही दार उघडून उभी. असा दिवस गेला.

संध्याकाळी देवदत्तचा फोन आला. मशीन त्याच्या नंबरवर घेतलेली, म्हणून कंपनीची सगळी चिठ्ठीचपाटी त्याच्या मोबाइलवर जाते. "आई, यार, मेकॅनिक येऊन गेला. ग्राहक घरी नाही असं लिहिलंय. तू कुठे गेली होतीस?"

मला कंपनीचा राग आहेच. पण ह्या तीन शब्दांचा जास्त आहे. कुठे गेली होतीस. जिच्या दारातल्या पायपोसाला सुद्धा बाहेर जायची सवय राहिली नाही, तिला पोटचा पोरगा विचारतो, कारण मोबाइलवर लिहून आलं. शरयूने फोन ठेवला. मला म्हणाली, मागे कपडे टाकत असेन तेव्हा आला असेल. म्हणजे तिलाही वाटायला लागलं की चूक आपलीच.

पुन्हा फोन लावला. पुन्हा गाणं. ह्या वेळी प्रणोती नव्हती, कोणी दुसरीच होती, तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मग फोनवर एक पुरुष आला. त्याला शरयू ते सांगू शकली नाही, नुसतं "जरा घाई आहे" म्हणाली. तो म्हणाला, मॅडम, घाई सगळ्यांनाच असते. पुन्हा तारीख मिळाली. त्या दिवशी शरयूने खुर्ची फाटकाशी टाकली आणि शाल गुंडाळून बसली, एक कान घरात, एक रस्त्यावर. पुष्पा, आमची भांडेवाली, गेली. पोस्टमन गेला. कुल्फीवाला गेला, एवढ्या थंडीत. कंपनीचा कोणी आला नाही. संध्याकाळी देवदत्तला निरोप, ग्राहक घरी नाही.

इकडे चादरी ती हाताने धूत होती. पौषातलं टाकीचं पाणी म्हणजे सुया. बोटं अशी सुजली की बांगडी सरकेना. मी म्हटलं, दे इकडे बादली. नाही म्हणाली. मी तिच्याहून म्हातारी आहे, पण हट्टात म्हातारपण आडवं येत नाही. ओढली बादली, बसले धुवायला. तेव्हा पहिल्यांदा पेरूच्या झाडाखाली ती गोष्ट आमच्या दोघींच्या मध्ये उघडी पडली.  पिळायला एकीने एक टोक धरलं, दुसरीने दुसरं.

खिडकीतून भय्यासाहेब पाहत होते.

त्या दिवसापासून त्यांनी पाणी सोडलं. आधी कळलंच नाही. चहा नको, वरण नको, पाण्याचा पेला पुढे केला की तोंड फिरवायचे. शरयूला वाटलं भूक गेली. मग ओठ फुटले, अंगात कणकण आली. डॉक्टर म्हणाले, इनको पानी पिलाइए, वरना भर्ती करना पड़ेगा. शरयूने चमचा तोंडाशी नेला तर त्यांनी दात आवळले आणि डोळ्यांनी तिच्या बोटांकडे दाखवलं.

तिने चमचा खाली ठेवला आणि बोटं पदराखाली घेतली.

एका मशीनपायी एक माणूस तहानेने सुकून राहिला होता, आणि कंपनी मात्र त्याची बायको कुठे गेली होती ते शोधत होती.

मी म्हटलं, बस झालं, चल. ह्या कंपनीचं आफिस आपल्या ह्याच विजय नगरात आहे, मिठाईवाल्याच्या पुढे, मी पाटी पाहिली आहे. शरयू म्हणाली, ह्यांना सोडून कशी येऊ. माझी सून विनीता त्यांच्याजवळ बसली. शरयूने कपाटातून चांगलं लुगडं काढलं, घड्यांवर पिवळ्या रेघा पडलेल्या. ई-रिक्षात माझा दंड धरून बसली. रस्त्यावरच्या पाट्या अशी पाहत होती जणू गाव बदललं. बदललंच होतं थोडं.

आफिसात काउंटरवर गौतम नावाचा तरुण. छातीवर नाव टोचलेलं. समोर पाच-सहा गिऱ्हाइकं, कोणाचा पंखा, कोणाचा मिक्सर. आमचा नंबर आला तेव्हा त्याने कंप्युटर पाहिला आणि न हसता म्हणाला, "माताजी, आदमी दो बार गया है। आप घर पर नहीं थीं। विजय नगर, नागपुर।"

मी म्हटलं, काय?

"नागपुर," तो म्हणाला.

 त्या गोड मुलीने माहेरचं कौतुक केलं आणि आमची तक्रार माहेरी पाठवून दिली. मराठी बोलते म्हणजे महाराष्ट्रातच असणार. त्यांच्या कंप्युटरला दुसरं काही सुचलंच नाही. आमच्या घराण्यातली माणसं भोसल्यांच्या चाकरीत इथे आली तेव्हा ह्यांच्या कंपनीच्या खापरपणज्याचाही पत्ता नव्हता, आणि ह्यांच्या लेखी आम्ही अजून पोचलोच नाही. आणि नागपूरच्या विजय नगरात कोण कोणत्या बंद दाराची घंटी वाजवून येत होता ते देव जाणे.

बरं, कळलं ना, तर दुरुस्त करा. नाही. गौतम म्हणाला, तक्रार नागपूरची आहे, इथून उघडता येत नाही. नवी लिहा म्हटलं. म्हणाला, जुनी बंद झाल्याशिवाय नवी होत नाही. जुनी कधी बंद होईल? म्हणाला, नागपूरवाला तिसऱ्यांदा जाऊन येईल तेव्हा. आणि कंपनीला फोन करा. मी इतकी चिडले की माझं हिंदी संपलं. मागचा मिक्सरवाला म्हणाला, अरे दादी, जल्दी करो.

तेव्हा शरयूने काउंटरवर दोन्ही हात ठेवले. ती सुजलेली बोटं. आणि सरळ बोलली, आवाज न चढवता. "बेटा, मेरे पति बिस्तर में पेशाब करते हैं। उन्होंने पानी पीना छोड़ दिया है, कि मुझे चादर न धोनी पड़े। जब से वो गिरे हैं, मैं आज पहली बार घर से निकली हूँ। और तुम लोग लिखते हो, ग्राहक घर पर नहीं।"

मिक्सरवाल्याने मिक्सर जमिनीवर ठेवला. पंखेवाली बाई उठली आणि आपल्या स्टुलावर शरयूला बसवलं. गौतमने कंप्युटरकडे पाहिलंच नाही. मला म्हणाला, दादी, आपका मोबाइल नंबर बताइए. माझ्या नंबरावर नवी तक्रार लिहिली. म्हणजे कंपनीच्या हिशेबी ती मशीन आता माझी आहे आणि शरयू अजून नागपुरात घराबाहेर हिंडते आहे.

दुपारीच माणूस आला. मशीनचा पट्टा उतरला होता. चढवला. चहा निवायच्या आत काम झालं.

काम छोटं निघालं, म्हणून माझा राग मोठा झाला. सगळे म्हणतात, झालं ना आता, चलो. काय चलो? जी गोष्ट शरयूने माझ्यापासून, शेजाऱ्यांपासून, पोटच्या पोरापासून झाकली, ती तिला बाजारात मिक्सरवाल्यासमोर उघडी करावी लागली, तेव्हा तो पट्टा चढला. हे दुरुस्तीचे दाम कुठल्या कंपनीने लावले?

मशीन फिरायला लागली तशी घरभर घरघर झाली. भय्यासाहेबांनी मान वळवली. शरयू त्यांच्या उशाशी बसली आणि सगळं सांगितलं, काउंटरवर काय बोलली ते शब्दही. मला वाटलं, हे आता भिंतीकडे तोंड करतील.  त्यांनी डाव्या हाताने पेल्याकडे खूण केली. प्यायले. अर्धं उशीवर सांडलं. पुन्हा खूण केली.

संध्याकाळी देवदत्तचा फोन. "आई, परत तेच आलंय. ग्राहक घरी नाही."

"आज खरंच नव्हते रे," शरयू म्हणाली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग त्याला म्हणाली, पुढल्या वेळी तुला असं लिहून आलं तर मला विचारू नकोस, ये आणि पाहा.

मला दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला, कारण मशीन माझी. आमच्या सेवेने आपण खूष असाल तर पाच दाबा. मी विचारलं, शिव्या द्यायच्या असल्या तर काय दाबू? पलीकडे माणूसच नव्हता, नुसतं रेकॉर्ड. त्याने पुन्हा म्हटलं, पाच दाबा.

मी बाहेर सज्जात आले. खाली समोरच्या कठड्यावर, ऐन रस्त्याकडे, शरयू चादरी वाळत घालत होती. एक, मग दुसरी, नीट ताणून, भय्यासाहेबांच्या पँटीसारखी घडी पाडून. वर पाहून म्हणाली, "आक्का, मागे ऊन येत नाही. आणि तुमची ती खिडकी आता सकाळी उघडत जा, स्वयंपाकघरात धूर होतो."