शेपूट पुढं निघालं

पहाटेपासून धुकं इतकं खाली उतरलं होतं, की अंगणात वाळत घातलेले मोजे दिसत होते पण तार दिसत नव्हती. हवा थंड आणि ओली. ती स्वयंपाकघरात दोन थर्मास भरत होती. आधी नुसतं उकळतं पाणी ओतायचं, थर्मास तापवून घ्यायचा, ते पाणी फेकायचं, मग चहा. हात रोजचं काम रोजच्यासारखं करत होते. लक्ष मात्र खिडकीबाहेरच्या धुक्यात होतं.

"चहा ओट्याला पाजतेयस," खुर्चीतून दादा म्हणाला.

तिनं खाली पाहिलं. खरंच की. तिनं फडकं घेतलं.

दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ. समोरच्या स्टुलावर त्याचा प्लास्टरमधला पाय. सगळी हयात कड्याकपारीत काढली आणि पडला तो बल्ब बदलताना. गावभर हसू झालं. तोही हसला, पण गुडघा काही हसण्यावारी गेला नाही. बाराही महिने शहरातल्या लोकांना डोंगर चढवून आणायचं हा दोघा बहीणभावांचा धंदा. दादा सगळ्यांत पुढं, ती सगळ्यांत मागं. वाट काढायची, आभाळ बघायचं, जायचं की माघारी फिरायचं ते ठरवायचं, हे पुढच्याचं काम. मागच्याचं काम एकच, आपल्या मागं कुणी राहू द्यायचं नाही. म्हणून तिचं नाव पडलं शेपूट. आता तर वाण्याच्या दुकानातही "शेपूटताई, साखर देऊ का?" असंच विचारतात.

इतकी वर्षं मागं चालून तिला माणसाचं तोंड लक्षात राहत नाहीसं झालं होतं. बाजारात कुणी हसून हात केला तर ती कावरीबावरी व्हायची. तेच माणूस पाठ वळवून निघालं की लगेच ओरडायची, "अगं बाई, तुम्ही होय!" थकलेला माणूस तिला टाचेवरून कळायचा. घाबरलेला खांद्यावरून. फुलांच्या दिवसांत लोक रेंगाळत चालतात, पाठी डुलत असतात. उन्हाळ्यात शर्टांवर घामाचे नकाशे. पानगळीत सगळे खाली बघून चालतात, मान तेवढी दिसते. आणि बर्फात माणसं कसली, चालती गाठोडी. पण गाठोड्यातलं कोणतं आता बसकण मारणार ते तिला आधी कळायचं आणि ती हळूच जाऊन त्याची सॅक मागून उचलून धरायची.

आज पुढं पाठच नव्हती. आज पुढं तीच होती.

"वाट तुला माहीत आहे," दादा म्हणाला.

"माहीत आहे. पण मागून."

"वाटेला काय, पुढून-मागून सारखीच."

"मग तूच ये की लंगडत."

तेवढ्यात तिचा नवरा आत आला. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. डोंगराशी त्याचा संबंध लांबून बघण्यापुरता. आज त्याला मागं चालायला जुंपलं होतं. दादाचं जाकीट त्याला गुडघ्यापर्यंत येत होतं.

"काय दाजी, तयार?"

"शेपटाचं शेपूट व्हायचंय. त्याला कसली तयारी?" तो म्हणाला आणि बायकोकडं पाहून त्यानं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आलेली मंडळी मोजकीच. दोन शिक्षिका बहिणी, एक दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी. डॉक्टर उंच, काटक, घाईचे. सॅकवर भडक नारिंगी आवरण. पहिल्या चढापासून ते तिच्या टाचेला टाच लावून होते.

"बाई, जरा उचला की पाय."

"अहो, दाढ आहे का ती उपटायला?" मागून त्यांच्या बाई. "डोंगर आहे. कुठं पळत नाही."

सगळे हसले. तीही हसली, पण कान मागं लागलेले. पुढं नुसतं पांढरं. दोन पावलं दगड दिसायचे, तिसऱ्या पावलाला काही नाही. मागं काठ्यांची टकटक, खोकला, नवऱ्याचं पुटपुटणं. कोण कसं चालतंय काही कळत नव्हतं. वळून पाहिलं की वाटेवरची नजर सुटायची, वाट पाहिली की माणसं सुटायची. दादा हे कसं करत होता? त्यानं कधी मागं वळून पाहिल्याचं तिला आठवेना.

झाडी संपली तिथं ती थांबली. दादा इथं थांबून आभाळ बघायचा आणि काहीतरी ठरवायचा. तिनं मान वर केली. आभाळ नव्हतंच. धुकं उलट दाट होत होतं आणि वारा पडलेला. 'परत फिरू' एवढेच शब्द जिभेवर आले होते.

"थांबलो कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"काही नाही, आपलं असंच." आणि ती पुढं निघाली.

धारेच्या, म्हणजे डोंगराच्या निमुळत्या माथ्याच्या आधी एक अरुंद जागा लागते. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काही नाही, मध्ये पाऊलभर वाट. तिथं दोघांची ठरलेली रीत होती. दादा आधी पार जाऊन पलीकडं उभा राहायचा. ती अलीकडच्या चपट्या दगडावर कातळाला पाठ लावून उभी राहायची आणि एकेकाला हात देऊन सोडायची. अलीकडं शेपूट सोडणार, पलीकडं दादा घेणार. किती वेळा केलं असेल, त्याला गणती नाही.

चपटा दगड धुक्यातून पुढं आला आणि त्या सगळ्या सकाळीत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. ओळखीचा दगड. ती त्यावर चढली, वळली, कातळाला पाठ लावली. गारवा जाकिटातून आत आला, तोही ओळखीचा. तिनं हात पुढं केला.

"हं, या. कातळाकडं तोंड, पाय सरकवत न्या. शाब्बास."

डॉक्टर गेले. नारिंगी सॅक धुक्यात विरली. मग त्यांच्या बाई. मग धाकटी शिक्षिका, मग थोरली. एकेक पाठ तिच्यासमोरून जात होती. कुणाचा खांदा ताठ आहे, कोण पाय बेतानं टेकतंय, सगळं पुन्हा कळायला लागलं होतं.

शेवटी नवरा आला. तिला तिथं बघून तो थबकला.

"तू इथं कशी?"

"म्हणजे?"

"मग पलीकडं कोण आहे?"

तिचा हात तसाच पुढं राहिला.  पलीकडं कुणीच नव्हतं. पलीकडं वाट फुटत होती. उजवीकडची, जायची ती, दगडांतून खिंडीत उतरते, तिचं तोंड लहान, बघून कुणाला वाटही वाटायची नाही. डावीकडची डोंगराच्या सोंडेवर जाते, रुंद, गवताची, पायांना बरी वाटणारी. आणि ती सोंड पुढं जाऊन एकदम संपते, खाली सरळ कडा. उघड्या हवेत लहान पोरालाही दिसतं. आज काय दिसणार?

ती अरुंद जागा तिनं कशी पार केली ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

पलीकडं बायका एकमेकींना धरून उभ्या होत्या. बायकाच.

"डॉक्टर कुठायत?"

"पुढं गेले ना," त्यांच्या बाई म्हणाल्या. "म्हणाले, वाट चांगली आहे, बघून येतो. का हो? काय झालं?"

"काही नाही. तुम्ही इथंच बसा. बसूनच राहा."

ओलं गवत डावीकडं चेपलेलं होतं. लांब टांगांचे ठसे. तिला पळायचं होतं, हाक मारायची होती. गळ्यात शिट्टी होती. पण हाक ऐकून माणूस गर्रकन वळतो, आणि ओल्या गवतावर असा वळून घसरलेला माणूस तिनं पाहिला होता. ती दबकत चालत राहिली. पायाखालचं गवत संपून खडक लागला, तशी तिला स्वतःच्या छातीचे ठोके दातांत जाणवायला लागले. आपण हाक मारली नाही आणि डॉक्टर आत्ता, या क्षणाला, पुढचं पाऊल टाकत असले तर?

मग नारिंगी दिसलं.

डॉक्टर पाठमोरे उभे होते, मान पुढं काढून. उजवी टाच वर उचललेली. त्यांच्या पुढं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यात त्यांना बहुतेक पायरी दिसत होती. टाच उचललेली म्हणजे भार पुढच्या पायावर गेलेला. तेवढं तिला कळलं, बाकी काही सुचलं नाही. तोंडातून आलं ते रोज दहादा यायचं तेच.

"डॉक्टर, लेस सुटलीय तुमची."

टाच खाली आली.

"कुठं?"

"वाकू नका, सॅकचा भार पुढं ओढेल. असेच एक पाऊल मागं या. अजून एक. इथं दगड आहे, बसा. बांधते मी."

ते मागं आले आणि बसले. तिनं आधी त्यांच्या सॅकचा पट्टा मुठीत घट्ट धरला, मग त्यांच्या बुटांकडं पाहिलं. दोन्ही लेस जशाच्या तशा बांधलेल्या होत्या. डॉक्टरांनीही ते पाहिलं.

"सुटलेली कुठं आहे?" ते म्हणाले.

 खालून वाऱ्याची झुळूक आली, धुक्याला भोक पडलं, आणि त्यातून खूप खाली, खेळण्यातली वाटावी तशी झाडं दिसली. लगेच बुजली.  डॉक्टर उठले नाहीत, एवढा उंच माणूस बसल्या बसल्या मागं सरकत गवतापर्यंत आला. ती पट्टा धरून होती. त्यांच्या बाईंनी दोघांना येताना पाहिलं आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. त्या डॉक्टरांच्या दंडावर हाताची मूठ आपटत राहिल्या, हळू, पुन्हा पुन्हा.

"परत फिरायचं," ती म्हणाली. बायका उठल्या.

संध्याकाळी दादा त्याच खुर्चीत होता. नवरा जाकीट खुंटीला लावून म्हणाला, "तुझी बहीण पुढं, मी मागं, आणि मध्ये सगळा देवाचा कारभार." हसायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो अंगणात निघून गेला.

तिनं दादाला सगळं सांगितलं. डॉक्टर कुणाला सांगतील, न सांगतील, त्याच्या आधी आपल्या तोंडून गेलेलं बरं. दादा ऐकत होता आणि प्लास्टरवर नखानं टकटक करत होता. दगडापर्यंत आली तशी टकटक थांबली.

"पुढच्यानं थांबायचं नसतं तिथं."

"माहीत आहे."

"मग?"

"दगड दिसला. उभी राहिले."

 त्याचा चेहरा तिनं आज नीट पाहिला. ओळखीचा नव्हता. डोळ्यांखाली पार खड्डे पडले होते.

"त्यानं पाय टाकला असता तर," तो म्हणाला.

"हं."

"रविवारची मंडळी ठरलेली आहेत. धारेवरूनच जायचं म्हणतायत. पैसे परत करू का?"

  तिनं खिडकीकडं पाहिलं. बाहेर तार अजून दिसत नव्हती.

"धारेवरून नाही. नदीच्या वाटेनं नेईन. आणि झाडीच्या वर धुकं असलं तर तिथूनच माघारी."

"ते ऐकायचे नाहीत. गावातला दुसरा गाईड नेतो म्हणतील."

"मग त्याला सांगा म्हणावं."

दादा तिच्याकडं बघत राहिला. त्यानं मान हलवली आणि फोन जवळ ओढला. रविवारच्या मंडळींशी तो बोलायला लागला. "नाही, नाही, धारेवरून नाही. का म्हणजे? पुढं चालणारी नाही म्हणते म्हणून."

तिनं सॅकमधून थर्मास काढले. कुणी चहाला हातही लावला नव्हता. तो तिनं मोरीत ओतला, आतून ब्रश फिरवला, बुचांची रबरं काढून वेगळी धुतली आणि सगळं फडक्यावर पालथं घालून ठेवलं.