भिंगरीची दाढ

सगळ्या गल्लीच्या दाढा दुरुस्त करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना पोटची पोरगी मात्र तोंड उघडून देत नव्हती. सात वर्षांची भिंगरी खुर्चीत बसली की आईच्या बोटाला कडकडून चावायची, आणि इकडे दाढेची कीड काही थांबत नव्हती.

शेजारच्या ड्रमवाल्या काकांनी तिला शिकवायला घेतलं. त्यांची तऱ्हाच उफराटी: एक ठोका द्यायचा आणि सात मात्रा काठी हवेत धरून गप्प राहायचं.

"वाजवायला कुणीही शिकवेल, वहिनी. मी थांबायला शिकवतो."

"थांबून कुणाचं भलं झालंय?" बाईंनी नाक मुरडलं. पण कुतूहल कुठलं स्वस्थ बसू देतंय? रोज संध्याकाळी भिंतीला कान लावून त्याही मात्रा मोजायच्या. कबूल मात्र कधी केलं नाही!

चार महिन्यांनी भिंगरी आपणहून खुर्चीत चढली. "आठ मात्रा तू कोर, मग आठ मात्रा सुट्टी."

तिच्या पायाचा अंगठा ताल धरू लागला. चावा नाही, किंकाळी नाही! बाई इतक्या हरखल्या की सुट्टी संपायच्या आतच त्यांनी यंत्र पुढे केलं.

"आई, अजून तीन राहिल्यात. तुलाच काकांकडे घालायला हवं."

बाई यंत्र हवेत धरून गप्प उभ्या राहिल्या.