छत्री उघडली

दाऊद इंजिनवाला होता. नंदुरबारच्या एका जिनिंग कारखान्यात त्याची हयात गेली. काम कसेबसे उरकणाऱ्या माणसाशी तो बोलत नसे.

सन अडतीसमध्ये मालक चुनीलाल शेठ दुसऱ्या धंद्यात बुडाले. कोर्टाने त्यांना दिवाळखोर ठरवले. दिवाळखोराला कंपनीचा डायरेक्टर राहता येत नाही, कारभारही पाहता येत नाही. पाहिला तर तुरुंग. खुर्चीवर भाचा रतिलाल बसला. शेठ समोरच्या ओट्यावर बसू लागले, छत्री घेऊन.

छत्री मिटलेली असली की इंजिन चालू. उघडली की बंद. ओटा दाऊदच्या खिडकीतून सरळ दिसे.

"दाऊदभाई, डायरेक्टर मी शे, अन् तुन्ही नजर मामाकडे," रतिलाल हसून म्हणे.

"मी वाफ सोडस, मालक. बाकीनं तुम्ही देखा."

कोणीतरी तक्रार केली. फाल्गुनात सरकारी अंमलदार चौकशीला येणार असे कळले. वकिलाने दाऊदला बजावले, "शेठ अडकले तर त्यांचं ऐकणाराही अडकेल. हुकूम रतिलालचाच, एवढंच सांग."

चौकशीच्या दिवशी शेठ ओट्यावर मुकाट बसून राहिले. घरात बसले असते तर लपले म्हणून बोभाटा झाला असता.

रतिलालने अंमलदारादेखत मोठ्याने हुकूम दिला. इंजिन सुरू झाले. दुपारी कडुलिंबाची सावली ओट्यावरून सरकली. शेठना ऊन लागले. त्यांनी छत्री उघडली.

दाऊदचा हात वाफेच्या चाकावर गेला. पट्टे थांबले, कारखाना गप्प झाला.

"आज छत्री लवकर उघडनी वं," कापूस लोटणारी धनुबाई शेजारणीला म्हणाली. त्या शांततेत ते सगळ्यांनी ऐकले.

अंमलदार इंजिनापाशी आला. खिडकीतून त्याने ओटा पाहिला. "बंद करायला कोणी सांगितलं?"

"मी," रतिलाल म्हणाला.

"तुम्ही माझ्याशी बोलत होता."

दाऊदने हात पुसले. इंजिन बिघडले म्हणता आले असते. पण रोज घासूनपुसून ठेवलेल्या इंजिनावर तो आळ घेणार नव्हता.

"शेठनी," तो म्हणाला. "रोज शेठच सांगतस."

शेठ तुरुंगात गेले. त्यांना साथ दिली म्हणून रतिलालला दंड झाला. दाऊदला पगारी नोकर म्हणून सोडले.

कारखाना विकला गेला. नवा मालक यायच्या आत दाऊदने ती खिडकी विटांनी बुजवली. चुना स्वतः मळला, सांधे दोनदा भरले. आत अंधार झाला. दिवसाही कंदील लावावा लागला.