बिस्किटांचा डबा आणि पाण्याचा पंप

कचेऱ्यांत कॉम्प्युटर नुकते शिरत होते तेव्हाची गोष्ट. विचार करणाऱ्या यंत्रांचा धोका पटवायला मी मुलुंडच्या व्याख्यानमालेत डोक्यावर बिस्किटांचा डबा घालून, लाल दिवे लावून, रागावलेल्या यंत्रमानवासारखा गुरगुरत उभा राहिलो. लोक पोट धरून हसले. पहिल्या रांगेत स्वेटर विणणाऱ्या एका अनोळखी बाईंनी मात्र सुया थांबवल्या.

"अहो, रागाचं काय घेऊन बसलात? आमच्या सोसायटीचा पंप कुणावर रागावत नाही. टाकी वाहिली तरी पाणी चढवतच राहतो. आपण धावत जाऊन बटण बंद करतो. पण पंपच हुशार झाला आणि काम अर्धवट राहील म्हणून त्याने बटणापाशी जाऊच दिलं नाही तर?"

बाई पुन्हा विणू लागल्या. मी डबा काढला. माझ्याच विषयाची मला पहिल्यांदा भीती वाटली.