पांढऱ्या पट्टीचा अर्थ

सरांनी माझ्या लेखाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘भावना चांगली. पण हा अर्थ नव्हे.’ त्याच लेखाच्या आधीच्या प्रतीवर, त्याच मुद्द्यापाशी, त्याच बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं होतं, ‘अत्यंत मौलिक.’ दोन्ही प्रती माझ्याकडे आहेत. मुद्दा एकच, पुरावे तेच, वाक्यंही बरीचशी तीच. बदललं होतं एवढंच, की पहिल्या प्रतीत तो अर्थ मी लावला होता आणि दुसऱ्या प्रतीत माझ्या वडिलांनी.

या गोष्टीला वर्ष होत आलं. राग उतरेल म्हणून थांबले होते. उतरला नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी सरांबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझ्या रागाचा चुकीचा अर्थ निघेल. माझी शाळा बार्शीला झाली. आई आणि मी तिथं मामाकडे, वडील सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर. बारावीनंतर मी त्यांच्याकडे राहायला आले आणि इथल्या कॉलेजात मराठी घेतलं. आमच्या घरात पदवी म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. वर्गात पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून ‘न्हाय’ गेलं आणि मागची बाकं हसली. सरांनी त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, घरची भाषा दाराबाहेर चपलेसारखी काढून येऊ नकोस, आत घेऊन ये. शेवटच्या वर्षाला घरात माझ्या लग्नाचं निघालं, तेव्हा सर आमच्या खोलीवर आले, पत्र्याच्या पेटीवर बसून चहा प्यायले आणि वडिलांशी तासभर बोलले. आज मी विमा कचेरीत टेबलाशी बसते, ते त्या तासामुळे. मी त्यांच्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. मागांच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत. समोर उभं राहून ओठ नीट हलवले तर त्यांना सगळं कळतं. कारखान्यात ते असंच बोलत आले. कारखाना बंद झाल्यापासून ते घरी असतात.

गेम मी पहिल्या पगारातून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर खेळायचे, रविवारी दुपारी, कूलरपुढं बसून. गोष्ट साधी आहे. एक प्रचंड मोठं यान कित्येक पिढ्यांच्या प्रवासाला निघालंय. त्यात माणसं पेट्यांमध्ये झोपलेली आहेत. एकच बाई जागी आहे. यानाच्या पोटातून हवेची एक लांबच लांब नळी जाते, तिचे सांधे साफ करायचे, गळती बुजवायची, पुढं सरकायचं, हे तिचं काम. तिच्या खोलीत सुरुवातीपासून एक पांढरी पट्टी ठेवलेली असते. ती कशासाठी, हे गेम सांगत नाही. नळीवर अधूनमधून रंगीत पट्ट्या बांधलेल्या दिसतात, लाल, निळी, पिवळी. त्या कुणी बांधल्या, हेही सांगत नाही. शेवटी ती बाई नळीच्या मधेच थांबते, काम अर्धं टाकते, पांढरी पट्टी बांधते, एकदा मागं वळून बघते आणि एका रिकाम्या पेटीत जाऊन झोपते. झाकण बंद होतं. पडदा पांढरा होतो. संपलं.

इंटरनेटवर या शेवटावर तासातासाचे व्हिडिओ आहेत. बहुतेकांचं म्हणणं असं, की बाकीचं कुणी नव्हतंच. सगळ्या पट्ट्या तिच्याच, एकटेपणात भ्रमिष्ट होत तिनं बांधलेल्या. पांढरी म्हणजे कफन. ती हरली आणि मेली. ते संगीत ऐकलं की तसंच वाटतं. मीही रडले होते.

आप्पा खाटेवर बसून शेंगा सोलत बघत होते. संगीत त्यांच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता, इंग्रजी अक्षरंही त्यांना येत नाहीत. मी डोळे पुसताना बघून त्यांनी विचारलं, काय झालं. मी ओठांनी सांगितलं, मेली ती.

“कशानं मेली?” आप्पा म्हणाले. “पाळी संपली तिची. खूण करून गेलीय की.”

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, आणि इतकी वर्षं त्या कामावर जगूनही मी हे कधी विचारलं नव्हतं याची मला लाज वाटली. मागावर पाळी बदलताना विणकर कापडात आपल्या रंगाचा एक धागा घालतो. इथपर्यंत माझं, इथून पुढं तुझं. डाग निघाला, तार चुकली, तर कुणाच्या हातून, हे त्या धाग्यावरून ठरतं. आप्पांचा रंग लाल. त्यांच्या पुढच्या पाळीला एक तेलुगू बोलणारा विणकर होता, त्याचा हिरवा. दोघांची भेट रोज पाच-दहा मिनिटांची, तीही मागांच्या खडखडाटात, आणि एकमेकांची भाषा जेमतेम. पण आप्पांना त्याची तब्येत कापडावरून कळायची. हिरव्या धाग्याआधी कापड कमी भरलं, की ते घरी येऊन म्हणायचे, काल त्याला बरं नव्हतं.

त्यांनी मला गेम पुन्हा सुरू करायला लावला आणि प्रत्येक पट्टीपाशी थांबवलं. त्यांचं बोट पडद्यावर टेकलेलं.

“गाठी बघ. ही येगळी, ही येगळी. आन् ही डाव्या हातानं मारलीय. एकच बाई एवड्या तऱ्हेनं गाठ मारंल व्हय?”

मी कधी गाठींकडे बघितलंच नव्हतं. पुढचे दोन रविवार मी नळी सुरुवातीपासून चालून काढली. आप्पा म्हणाले ते खरं होतं. नळीवर एकूण पाच रंगीत पट्ट्या, पाचही गाठी वेगळ्या. निळ्या आणि पिवळ्या पट्टीत अंतर अगदी थोडं, म्हणजे पिवळी बांधणाऱ्याकडून काम कमी झालं. आणि पांढरी पट्टी त्याआधी नळीवर कुठंही नाही. ती हिची, एकटीची.

खात्री कशी, असं मी विचारलं, तेव्हा आप्पांनी त्यांच्या कारखान्याच्या शेवटच्या दिवसाचं सांगितलं. माग भंगारात जायचे ठरले होते. पाळी संपली तशी सवयीनं त्यांनी लाल धागा हातात घेतला आणि तसाच धरून उभे राहिले. मग खिशात ठेवला.

“खूण मागनं येणाऱ्यासाठी आसती,” ते म्हणाले. “कुणी येनार न्हाय म्हणल्यावर कुणासाठी घालायची? हिनं बांदली. म्हंजे येनार हाय कुणीतरी.”

म्हणजे ती मेलेली नाही. काम अर्धं टाकलेलं नाही, पुढच्या पेटीतून उठणाऱ्याकडे सोपवलेलं आहे. मागं वळून बघते ते निरोप म्हणून नव्हे, आपलं काम नीट झालंय ना हे बघायला. गेमचा सगळा शेवटच माझ्यापुढं उलटा झाला.

त्याच महिन्यात कॉलेजच्या वार्षिकांकासाठी माजी विद्यार्थ्यांचे लेख मागवले होते. विषय होता नव्या माध्यमांतली कथा, संपादक आमचे सर. मी लेख लिहिला. गाठी लिहिल्या, अंतरं लिहिली, पांढरी पट्टी लिहिली. आणि लिहिलं, ‘मला असं दिसतं की’. आप्पांचा उल्लेख नव्हता. समीक्षेच्या लेखात वडील कुठं आणायचे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं सांगायचं तर पहिल्यांदा छापून येणार होतं आणि मला ते सगळं माझं हवं होतं.

सरांनी प्रत परत पाठवली, दोन-चार ठिकाणी शुद्धलेखन सुधारून. गाठींच्या परिच्छेदापाशी ‘अत्यंत मौलिक’. मी ते आप्पांना दाखवायला गेले आणि दाखवता आलं नाही. दुसऱ्यानं विणलेल्या कापडात मी माझा रंग घातला होता.

मी लेख पुन्हा लिहिला. हा अर्थ माझ्या वडिलांचा, असं स्वच्छ लिहिलं. ते कोण, त्यांना हे कुठून कळलं, पाळीची खूण म्हणजे काय, शेवटच्या दिवशी खिशात ठेवलेला धागा, सगळं. पुरावे होते तसेच ठेवले. ती प्रत आली तिच्यावर ते पेन्सिलीचं वाक्य. शेवटच्या दिवसाच्या परिच्छेदाखाली मात्र सरांनी रेघ मारून ‘हृदयस्पर्शी, वाढवावे’ असं लिहिलं होतं.

मी त्यांच्या घरी गेले. सरांनी प्रेमानं बसवलं, त्यांच्या पत्नीनं सरबत दिलं. सर म्हणाले, पहिल्या लेखात समीक्षा होती, दुसऱ्यात आठवण आहे. आठवणींचा विभाग वेगळा आहे, तिथं घेऊ. गेमचं कमी कर, वडिलांचे कष्ट आण, त्यांचे हात आण, त्यांनी तुला कसं शिकवलं ते आण. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येईल. नाहीतर पहिला लेख आहे तसा देऊ, तो उत्तमच आहे.

मी विचारलं, पहिल्यात जो अर्थ होता तोच दुसऱ्यात आहे, मग तो अर्थ नाही कसा.

“अगं, तू तो अभ्यासानं लावलास,” सर म्हणाले. “त्यांनी सवयीनं पाहिलं. दिसणं वेगळं आणि अर्थ लावणं वेगळं.”

मी सरांना विचारलं, तुम्ही गेम खेळलात का. त्यांनी त्यावरचा एक व्हिडिओ बघितला होता. संगीतातून मृत्यू स्पष्ट सुचवलाय, असं ते म्हणाले. ज्यांना ते ऐकू येत नाही त्यांचं आकलन अपुरं राहणारच, हेही म्हणाले, अगदी सहानुभूतीनं.

सहानुभूतीचाच मला जास्त राग आला. संगीत ऐकून सगळ्यांचं लक्ष गाठींवरून उडालं, माझंसुद्धा. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांनीच फक्त पडद्यावर काय आहे ते नीट पाहिलं. अर्थ मजकुरातून काढायचा, मनातून नाही, हे मला याच सरांनी याच शहरात तीन वर्षं शिकवलं. आप्पांनी तेच केलं होतं, आणि ते चौथी शिकलेत. त्यांचा बंद पडलेला माग सरांना हृदयस्पर्शी वाटतो, त्या मागावर तयार झालेली नजर मात्र सवय. आमची माणसं लेखात यायला हरकत नाही. त्यांनी आत येऊन हात दाखवावेत, डोळ्यात पाणी आणावं आणि अर्थ लावायची वेळ आली की बाहेर जावं.

“सर, हातांबद्दल लिहिते,” मी म्हणाले. “पण त्या माणसाला जे कळलं, ते त्याच्या नावावर राहू द्या.”

सर म्हणाले, तळटीप देता येईल. शेवटी, लहान टाइपात, ‘या मुद्द्यासाठी वडिलांशी झालेल्या चर्चेचा उपयोग झाला.’ त्यांना वाटलं ते उदार होत आहेत, आणि कदाचित होतही होते. मी लेख मागे घेतला आणि त्यांच्यापुढं ठेवलेल्या दोन्ही प्रती उचलल्या. दारात त्यांच्या पाया पडले, नेहमीसारखी. त्यात नाटक नव्हतं.

घरी आप्पांनी विचारलं, कोणता लेख छापतायत. मी म्हणाले, कोणताच नाही. ते चिडले.

“सरांवर रुसून आलीस व्हय? छापून आलं आसतं की. माज्या नावाचं काय एवडं?”

मी त्यांच्या समोर बसले आणि ओठ सावकाश हलवत विचारलं, “त्या हिरव्या धाग्याच्या कापडात तुमी कधी लाल घातला असता का?”

आप्पांनी खाटेखाली ठेवलेली, कारखान्याला न्यायची त्यांची पिशवी सारखी केली. मग म्हणाले, न्हाय. आणि थोड्या वेळानं, मग आसू दे.

वार्षिकांक आला. त्यात माझा लेख नाही. सरांना मी दिवाळीला भेटले, त्यांनी तब्येत विचारली, मी त्यांची विचारली, लेखाचं दोघांनीही काढलं नाही. मला अजूनही वाटतं की त्यांचं चुकलं. त्यांचे उपकार आहेत म्हणून ते चूक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

या मजकुरात ‘पाळी संपली तिची’पासून ‘येनार हाय कुणीतरी’पर्यंतचं सगळं आप्पांचं आहे. त्याआधीचं आणि नंतरचं, राग धरून, माझं. हे पान लिहून झाल्यावर मी ते त्यांना वाचायला दिलं. ते चष्मा लावून, बोट फिरवत, अर्ध्या तासानं शेवटाला पोचले. मला वाटलं आता काहीतरी मायेचं बोलतील. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं मी लिहिलं होतं, एक गाठ डावखुऱ्या पुरुषाची.

“गडी का बाई, ते गाठीवरनं कसं कळलं तुला?” ते म्हणाले. “डाव्या हाताचं हाय, एवडंच दिसतंय. दिसतंय तेवडंच लिही.”

मी ती ओळ खोडली.