उसनी सावली

गवंड्यांनी तिचं नाव छज्जाबाई ठेवलं होतं. तोंडावर मॅडम, पाठीमागे छज्जाबाई. बावीस वर्षं ती लोकांची घरं आखत होती, जुनी घरं नव्यासारखी करून देत होती, आणि खिडकी आली की तिच्यावर छज्जा आलाच, हा तिचा हट्ट. नवीन काम घेतलं की ती आधी भर दुपारी तिथे जायची आणि प्रत्येक खोलीतल्या भिंतीला तळहात लावून उभी राहायची. भिंत किती तापते ते हाताला कळतं, कागदाला नाही, असं तिचं म्हणणं. तिचं स्वतःचं घर मात्र सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीखाली. उन्हाळ्यात नवरा खिडकीला ओली चादर बांधायचा आणि दिव्याखाली अंधार कसा असतो ते पाहुण्यांना हौसेने दाखवायचा.

अलीकडे ती थकली होती. कामाने नव्हे, तेच तेच सांगून. लोक मोबाइलवर थंड देशांतल्या घरांचे फोटो घेऊन येत. गुळगुळीत भिंती, जमिनीपर्यंत काच. ती ऊन समजावून सांगे, तिरपा पाऊस समजावून सांगे, वारा एका बाजूने आत आला तर दुसरीकडून बाहेर जायला वाट लागते हे सांगे. ऐकून घेऊन ते म्हणत, एसी आहे की.

असाच एका घरी सकाळभर वाद घालून ती सिस्टरांच्या घरी पोचली होती. सिस्टर म्हणजे इस्पितळात चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याच्यासाठी तळमजल्यावरची पश्चिमेची खोली नीट करायची होती, आणि तेवढा महिनाभर सिस्टर त्याला घेऊन बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. मिस्त्री खिडकीपाशी अडून बसला होता. शेजाऱ्यांच्या झाडाची जाडजूड फांदी नेमकी छज्ज्याच्या जागी आलेली. फांदी तोडायची तर शेजाऱ्यांना विचारायला हवं. तिने भिंतीला हात लावला. दुपारचे तीन, आणि भिंत गार. राहू द्या छज्जा, झाड आहे, ती म्हणाली. मिस्त्रीला आपण नीट ऐकलं असं वाटेना. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. बदल आराखड्यावर चढवायचा राहून गेला.

दीड वर्षाने झाडाची मुळं शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीत शिरली आणि शेजाऱ्यांनी झाड तोडलं. पंधरा दिवसांत सिस्टरांचा फोन आला. ताबडतोब या, एवढंच.

ती गेली तेव्हा भिंतीवर तापमापक टांगलेला होता आणि त्याच्याशेजारी कागद. दर तासाचा आकडा, तापाच्या रुग्णाचा ठेवतात तसा. तीन वाजताच्या रकान्यात रोज एकोणचाळीस, चाळीस. तिने सवयीने भिंतीला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"या," पलंगावरून सिस्टरांचे यजमान म्हणाले. "मी भाजतोय की शिजतोय, तेवढं ठरवून द्या."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावर आराखडा उलगडला आणि खिडकीवर बोट ठेवलं. कागदावर छज्जा होता, भिंतीवर नव्हता. मिस्त्रीने छज्जा खाल्ला, असा त्यांचा सरळ हिशेब. वरच्या मजल्याचं काम त्याच्याकडेच चालू होतं, ते उद्यापासून बंद. गल्लीतल्या ज्या दोन घरांनी त्याला बोलावलं होतं, त्यांच्याही कानावर त्या घालणार होत्या.

मिस्त्री दारात उभा होता. हात कोपरापर्यंत सिमेंटने माखलेले. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग फरशीकडे. तो बोलणार नाही हे तिला कळलं. अठरा वर्षांची ओळख होती. तिने नुसतं "बघते, बोलते त्यांच्याशी" म्हटलं असतं, तरी निभावून गेलं असतं. 

"सिस्टर, त्यांनी विचारलं होतं मला," ती म्हणाली. "दोनदा विचारलं. मीच नको म्हटलं."

"का?"

"झाडाची सावली होती."

"झाड आपलं होतं का?"

"नाही."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे औषध बदललं की कागदावर लिहावं लागतं. सही करून. तुम्ही लिहिलंत?"

तिने नकारार्थी मान हलवली. सिस्टरांनी खिशाला अडकवलेलं पेन काढून पुढे केलं. तिने खिडकीवर फुली मारली, शेजारी लिहिलं, छज्जा माझ्या सांगण्यावरून वगळला, आणि सही केली. तारीख दीड वर्षापूर्वीची घालायची की आजची, यावर क्षणभर अडली. आजचीच घातली.

मग सिस्टरांनी निकाल दिला. वरचं काम मिस्त्रीच करील. मजल्याचा उरलेला आराखडा मात्र त्या आता दुसऱ्या कुणाकडून करून घेतील. यात राग नाही, पण रोज तीन वाजता या खोलीत त्यांनाच बसावं लागतं.

बाहेर ओट्यावर मिस्त्री तिच्या मागोमाग आला. कशाला बोललात, तो पुटपुटला, विटा काय मी कुठेही रचल्या असत्या.

"साठीतल्या गवंड्याला दारात कोण उभं करतं?" ती म्हणाली.

तो टेप घेऊन खिडकीखाली गेला, उन्हाला डोळे बारीक करून नव्या छज्ज्याचं माप धरलं, आणि जुन्या सवयीने हाक मारली, "मॅडम, दोन फूट की अडीच?"

तिने खिडकीतून आत पाहिलं. सिस्टर गजांपलीकडे उभ्या होत्या.

"सांगा त्याला," त्या म्हणाल्या.

"अडीच," ती म्हणाली, आणि बसथांब्याकडे चालू लागली.