दवाखान्यातून आलेली पिशवी

रत्नमालाबाई,

तुम्हाला कौतुक खपत नाही, ठाऊक आहे. पण आता तुम्ही गुडघे धरून परभणीला लेकीकडे बसल्या आहात, मुकुंदवाडीहून येऊन मला अडवू शकत नाही. तेव्हा मुकाट वाचा.

पहिल्यांदा माझ्या दारात आलात तेव्हा ह्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. आमच्या गारखेड्यात सांत्वनाला येणारी माणसं चपला काढतानाच चेहरा पाडतात. तुम्ही उंबऱ्यातूनच विचारलंत, "साहेबांच्या गोळ्या उरल्यात का? फेकल्या नाय ना?"

मला वाटलं, भंगारवालीनं नवा धंदा काढला. तोंडावर बोललेही तसं. तुम्ही हसलात. "भंगार नाय म्याडम. एसटीची रिटायर कंडक्टर हाय. जिंदगीभर सुट्टे मागितले, आता गोळ्या मागते."

मग पाणी पिता पिता सांगितलंत. तुमचे यजमान गेले आणि हृदयाच्या गोळ्यांचा डबा मागे राहिला. त्याच गल्लीत भागूबाईंनी तीच गोळी परवडेना म्हणून बंद केली होती. तुम्ही डबा उचलून त्यांच्या हाती दिला नाहीत, आधी फार्मासिस्ट इंद्रजीतला दाखवलात. त्यातून तुमच्या बुद्धविहाराशेजारच्या खोलीतलं उरलेल्या गोळ्यांचं कपाट सुरू झालं. दर रविवारी इंद्रजीत गोळीवरची तारीख बघतो, डॉक्टरांची चिठ्ठी बघतो, मगच देतो. चिठ्ठी नसेल तर सख्ख्या भावालाही नाही.

मी ह्यांच्या गोळ्या पिशवीत भरत होते आणि तुमची नजर माझ्या टेबलावर. मेडिकलवाला देतो ती कागदी पाकिटं होती दोन, सकाळच्यावर सूर्य छापलेला, रात्रीच्यावर चंद्र. सूर्याचं संपत आलेलं, चंद्राचं गच्च.

"रातची गोळी घेत नाय का?"

"घेते की."

"मग चांदोबा एवढा फुगला कशानं?"

माझ्या हृदयाचे ठोके बिघडलेले. रक्त पातळ ठेवणारी गोळी दिवसातून दोनदा, चुकली तर गुठळी मेंदूत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण ह्यांच्या आजारपणात शिल्लक संपली होती आणि विनाअनुदानित कॉलेजात जन्म घालवलेल्या बाईला पेन्शन कुठली? रात्रीच्या गोळ्या मी पुढच्या महिन्यासाठी राखत होते.

"रविवारी चिठ्ठी घेऊन या."

"मी नाही येणार. मी देणाऱ्यांतली."

"अन् साहेबांच्या गोळ्या आमचा सांडू वाचमन घेणार, तो काय हलका झाला व्हय? या गुमान."

आले गुमान. तर कपाटात मला देता येईल अशी गोळी नाही! हर्सूलचे सर्जेराव नुकतेच वारले होते, त्यांच्या घरून तीच गोळी आली होती. पण स्ट्रिप कापताना नेमका तारखेचा तुकडा आधी गेलेला. आपल्याकडे निम्मी घरं तशीच कापतात. इंद्रजीतनं मान हलवली. मी म्हटलं, शिकलेली बाई आहे, माझ्या जबाबदारीवर घेते. तुम्ही उखडलात. "म्याडम, खाली बसा. तिकिटाबिगर बस सुटत नाय."

आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा हर्सूल गाठलंत. सर्जेरावांची बायको वच्छलाबाई म्हणाल्या, होतं तेवढं दिलं. तुम्ही उठणार, तोच कोपऱ्यात पिशवी दिसली. दवाखान्यातून आलेली. माणूस गेला त्या दिवसापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

"उघडायची का मावशी? एक बंद मी धरते."

दोघींनी मिळून उघडली. टॉवेल, चष्मा, कंगवा. वच्छलाबाई टॉवेल मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिल्या. तुम्ही गोळ्यांचं नाव काढलं नाहीत. शेवटी त्यांनीच तळातून स्ट्रिप काढून दिल्या. अख्ख्या, तारखेसकट. हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत; वच्छलाबाईंच्या तोंडून इंद्रजीतनं ऐकलं आणि मला सांगितलं.

त्या गोळ्यांवर माझे अवघड महिने निघाले. पुढं डॉक्टरांनी स्वस्तातली जेनेरिक लिहून दिली, आता ती मला झेपते. तुम्ही मात्र तेव्हापासून प्रत्येक घरी विचारायला लागलात, "दवाखान्यातून आलेली पिशवी उघडली का?" किती घरांत ती तशीच पडलेली असते, बाई!

मी आज हे सरळ अक्षरात लिहितेय, तोंड वाकडं न होता लोकांना टाकून बोलतेय, ते तुमच्यामुळं. आभार हा शब्द मला फार तोकडा वाटतो, पण दुसरा सुचत नाही. घ्या.

एक मात्र राहिलं. "आमच्या माणसाच्या गोळ्या कुणाला गेल्या?" असं वच्छलाबाई तुम्हाला विचारायच्या. तुम्ही मला म्हणायचात, "चला एकदा. दिसू तर द्या त्यांना." पोळा झाला की जायचं ठरलं. मग तुमचा गुडघा, मग माझा मोतीबिंदू. मागच्या मंगळवारी मी एकटीच निघाले, हर्सूल तलावापर्यंत गेले आणि रिक्षा थांबवली. त्या दारात उभं राहून काय सांगणार होते मी?

रिक्षावाला मागं वळला. "क्या हुआ अम्मा? पता गलत है क्या?"

म्हटलं, पत्ता ठीक आहे. सोबतची बाई परभणीला आहे. फिरव मागं.